सोमकुवरांची बॅटरी

आमच्या सौसरमध्ये एक सेवाभावी संस्था आहे. तिचे नाव मी लिहीत नाही. तिने ते बसस्टँडच्या बाकांवर, दवाखान्याच्या पाणपोईवर आणि स्मशानातल्या शेडवर पुरेसे लिहून ठेवले आहे. मागच्या आठवड्यात या संस्थेचे मला पत्र आले. कै. नामदेवराव सोमकुवर, निवृत्त नेत्र सहायक, यांना मरणोत्तर पुरस्कार द्यायचे ठरले आहे, तरी त्यांचा गौरव करणारे दोनशे शब्द आणि एक पासपोर्ट फोटो पाठवावा. मला सुचायला वेळ लागेल म्हणून की काय, काही विशेषणेही सोबत दिली होती: मितभाषी, हसतमुख, प्रसिद्धीपराङ्मुख, सर्वांना बरोबर घेऊन चालणारे.

सुरुवात ‘कै.’पासून करू. सोमकुवर बौद्ध; त्यांच्याकडे वारलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात. कैलासावर वास करायला ते काही तयार झाले नसते. तिथेही कुणाचा तरी सत्कार चालू असेल अशी त्यांना शंका आली असती. मितभाषी ते फक्त झोपेत होते. हसताना मी त्यांना दोनदा पाहिले. आणि सर्वांना बरोबर घेऊन चालणे त्यांना शक्य नव्हते, कारण त्यांची लुना होती आणि तिच्यावर मागे एकच माणूस बसे. ते रागीट होते. त्यांच्याविषयी दोनशे शब्द लिहायचे तर निम्मे त्यांच्या रागावर खर्च करावे लागतील, आणि तो राग कुणावर होता हे लिहिले तर संस्था ते छापणार नाही. म्हणून हे दोनशे शब्द नाहीत.

नेत्र सहायक म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवे. सरकारी दवाखान्यात डोळ्यांचा डॉक्टर नसतो तेव्हा जो असतो, तो नेत्र सहायक. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू ओळखायचा, शाळेशाळेत जाऊन पोरांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावायची, आणि जे आपल्या हातात नाही ते नागपूरला पाठवायचे, एवढे त्याचे काम. सोमकुवरांनी ते सौसर-पांढुर्णा भागात नोकरीभर केले. खेड्यात त्यांना ‘चश्मेवाले साहेब’ म्हणत.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लहानशी बॅटरी. माणूस समोर आला की डाव्या हाताचा अंगठा त्याच्या हनुवटीखाली जाई, चेहरा वर उचलला जाई आणि बॅटरी पेटे. “वर पाह्य. खाली पाह्य. आता माह्याकडं पाह्य.” हे दवाखान्यातच होई असे नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचे झाले आहे, बसमध्ये कंडक्टरचे झाले आहे. तुमच्याशी बोलताना ते डोळ्यांत डोळे घालून बोलत आणि तुम्हाला वाटे, किती आपुलकीने ऐकतात. ते मोतीबिंदू शोधत असत. माझ्या मोठ्या भावाने एकदा त्यांना घरातल्या भांडणाची सगळी हकिकत सांगितली. शेवटी सोमकुवर म्हणाले, “उजव्यात सुरुवात झाली तुमच्या.”

रोग्यांशी ते आपल्या वऱ्हाडीत बोलत. राग आला की हिंदीत जात, आणि तीही सरकारी हिंदीत. “श्रीमान, आपकी जानकारी के लिए निवेदन है” एवढे त्यांच्या तोंडून आले की समोरचा अधिकारी खुर्ची मागे सरकवी. इंग्रजी त्यांना येत होती, पण ती ते शिवीसारखी वापरत. नागपूरहून ऑपरेशन करून आलेल्या माणसाच्या हातात इंग्रजीत लिहिलेले कार्ड असे. त्या कार्डाला ते ‘डिस्चार्ज समरी’ म्हणत ते असे, की त्या दोन शब्दांत लिहिणाऱ्याच्या तीन पिढ्या याव्यात.

त्यांचे सगळ्यांत मोठे वैर होते तेलाशी. डोळ्यातल्या तेलाशी. मराठीत ‘डोळ्यात तेल घालून’ म्हणतात त्याचा एक विनोद मला सुचला होता. तो त्यांना ऐकवण्याची चूक मी एकदाच केली.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. मार लागला, किंवा नुसते नशीब फिरले, तर तो सुटतो. सोमकुवर हे समजावताना संत्रे मागत. आमच्याकडे संत्रे मागितले की मिळते. ते सोलून सालीच्या आतला पांढरा पापुद्रा नखाने उचलत. “हा पडदा. भिंतीले चिकटून हाय तोवर दिसते. सुटला त अंधार. मंग डॉक्टर काय करते? आतमधी तेल भरते. सिलिकॉनचं. खायचं नाही. तेल आतून दाबते, पडदा भिंतीले धरते. एकदा धरला का तेलाचं काम संपलं. शिवताना कपड्याले टाचणी लावतो ना? मंग शिवून झाल्यावर टाचणीसगट घालतो का?”

तेल काही महिन्यांनी काढायचे असते. किती महिन्यांनी ते डॉक्टर पाहून ठरवतो, पण महिने कुणाच्या लक्षात राहतात? सोमकुवर सणांत सांगत: पोळ्याला भरले तर संक्रांतीच्या आधी काढा. नाही काढले तर ते आत फुटते, त्याचे बारीक बारीक थेंब होतात, डोळ्यातले पाणी ज्या नाल्यांनी वाहून जाते त्या तुंबतात, आत दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. मेलेली नस कुणी जिवंत करू शकत नाही. हे सगळे चालू असताना माणसाला थोडेफार दिसत असते. “हेच त वाईट,” सोमकुवर म्हणत. “दुखलं असतं त आले असते.”

पांढुर्ण्याच्या नदीपलीकडच्या सावरगावचा प्रकाश नावाचा ड्रायव्हर त्यांच्या यशांपैकी एक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दोन्ही काठांवरून दगड चालतात, त्यातला एक त्याच्या डोळ्यावर बसला. दवाखान्यात त्याने सांगितले, ट्रॅक्टरवरून पडलो. सोमकुवरांनी हनुवटी उचलली, बॅटरी मारली आणि विचारले, “ट्रॅक्टर कोण्या काठचा होता? पांढुर्ण्याचा ना?”

नागपूरला पडदा बसवला, तेल भरले. तेल हलके, ते वर तरंगते. म्हणून पडद्यावर नेमका दाब यायचा तर माणसाने दिवसच्या दिवस पालथे पडून राहायचे, तोंड जमिनीकडे. तिसऱ्या दिवशी हा गडी पानठेल्यावर सापडला. सोमकुवरांनी त्याला लुनावर घालून घरी आणले, खाटेची नवार डोक्याकडून सोडवली, तोंडापुरते भोक केले आणि त्याला तिथे पालथा घातला. “सालभर मान वर करून फिरला. आता आठ दिवस खाली पाह्य.” भेटायला येणाऱ्यांची पंचाईत झाली. शेवटी त्याचा मामा पांढुर्ण्याहून आला आणि सरळ खाटेखाली उताणा झोपून भाच्याशी बोलला. सोमकुवर दारात उभे होते. मामाला म्हणाले, “बरं झालं. दोघंही हाती लागले. तो दगड तुमचा तर नाही ना?” मामा खाटेखालून म्हणाला, “आता कसं सांगाव साहेब, तिकडून त सगळेच मारून राहिले होते.” मी त्यांना हसताना दोनदा पाहिले म्हणालो, त्यातली ही पहिली वेळ.

प्रकाशचे तेल वेळेवर निघाले. पुढच्या वर्षी तो गोटमारीला दगड मारायला गेला नाही. हेल्मेट घालून पाहायला गेला. सोमकुवरांनी एवढ्यावर समाधान मानले.

आता त्या संस्थेकडे यावे लागेल.

संस्था दरवर्षी नेत्र शिबिर घेई. ते चांगले काम होते हे मी नाकारत नाही. गाड्या भरून माणसे नागपूरला जात, मोतीबिंदू निघत, पडद्याचे रोगीही मोठ्या दवाखान्यात पोचत. नंतर मंगल कार्यालयात समारोप होई. काळे चष्मे लावलेली म्हातारी माणसे पुढच्या रांगेत, शाली आणि नारळ टेबलावर, आणि मंचावर इतके लोक की मंच एकदा खचलाही होता. या समारंभांची निमंत्रणे आणि मानपत्रे मी लिहीत असे. मी इथल्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झालो होतो. जोडाक्षरे न चुकवणारा दुसरा माणूस त्यांना मिळत नव्हता, आणि मला नाही म्हणता येत नव्हते. घरी येऊन मी त्या समारंभांची टवाळी करी आणि पुढच्या वर्षी पुन्हा मानपत्र लिही.

एका वर्षी संस्थेच्या अध्यक्षांच्या मानपत्रात मी लिहिले: ‘आपण गरिबांच्या विझत्या डोळ्यांत तेल घालून दिवे तेवत ठेवले.’ अध्यक्षांना हे वाक्य फार आवडले. मानपत्र त्यांनी भिंतीवर लावले आणि वाक्य जिभेवर घेतले. पुढच्या प्रत्येक भाषणात ते आले. हात दिव्यासारखा धरून, आवाज खाली आणून ते म्हणत, “माझ्या मायबहिणींनो, तुमच्या डोळ्यांच्या दिव्यात आम्ही तेल टाकलं! हा दिवा विझू देऊ नका!” टाळ्या पडत.

पुढच्या हिवाळ्यात सोमकुवर माझ्याकडे आले. बसले नाहीत.

“मास्तर, हे दिव्याचं भाषण कोणी लिहिलं?”

मी विचारले, काय झाले.

“लोक तेल काढाले तयार नाहीत. तीन गावं फिरून आलो. म्हणते, अध्यक्ष साहेबानं दिव्यात तेल टाकलं, मंचावरून सांगतलं, विझू देऊ नका. तेल काढलं त अंधार नाही का होईन? एक बुढी मलेच समजावून राहिली. म्हणे साहेब, दिव्यातलं तेल कोणी काढते का? कोणी लिहिलं हे?”

मी म्हणालो, “मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. डावा अंगठा माझ्या हनुवटीखाली आला, बॅटरी पेटली. उजवा डोळा, मग डावा. बॅटरी विझवून खिशात ठेवली.

“डोळे त चांगले आहेत तुमचे,” ते म्हणाले.

माझ्या लेखनावर तेवढी नेमकी टीका आजवर कुणी केलेली नाही. मी घाईघाईने म्हणालो की एक पत्रक लिहितो, तेल काढणे का गरजेचे आहे, अगदी सोप्या भाषेत. ते म्हणाले, “आता काही लिहू नका. चला.” आणि त्यांनी लुना सुरू केली.

त्यांच्यामागे बसून मी आधी मोहगावला गेलो. तिथे कवडू नावाचा सायकल दुरुस्त करणारा राहतो. आदल्या वर्षी सोमकुवरांनी मागे लागून, रोज दुकानात जाऊन, त्याचे तेल काढायला लावले होते. तेल निघाले आणि पंधरा दिवसांत पडदा पुन्हा सुटला. असे होते, तेल काढल्यावर काही जणांचे होते. पुन्हा ऑपरेशन झाले, उपयोग झाला नाही. तो डोळा गेला. दुसरा होता म्हणून दुकान चालू होते. सोमकुवर दुकानासमोर लुना लावून नुसते उभे राहिले. कवडू चाकाची तार कसत होता, त्याने वर पाहिले नाही. त्याची बायको बाहेर आली.

“आले का दिवा विझवणारे? आणखीन काय काढाले आले? एक राहिला हाय, तोही घेऊन जा!”

ती बराच वेळ बोलली. सोमकुवर मान खाली घालून उभे होते. तिचे संपल्यावर त्यांनी कवडूचा चांगला डोळा तपासला, औषधाची बाटली ठेवली आणि निघाले. वाटेत मी म्हणालो, “तुम्ही तिला सांगा ना, की हा धोका असतोच.”

“ऑपरेशनच्या आधी सांगतलं होतं. आता सांगतलं त ते मी माह्यासाठी सांगून राहिलो, असं होईन.” थोडे पुढे जाऊन म्हणाले, “महिन्यातून एकदा येतो. तिचं बोलून होते.”

मग आम्ही जामसावळीच्या, म्हणजे आडव्या झोपलेल्या मारुतीच्या देवळाच्या रस्त्यावर संत्र्याच्या एका शेडवर गेलो. तिथे वच्छलाबाई छाटणीला होती. समोर संत्र्यांचा ढीग, डावीकडे-उजवीकडे क्रेट. मोठे इकडे, मध्यम तिकडे, डागी मागे. तिचा एक डोळा लहानपणी कपाशीच्या पऱ्हाटीची काडी लागून गेलेला. उरलेल्या एका डोळ्यात संस्थेचे तेल. ते काढायची मुदत उलटून गेली होती. सोमकुवरांनी अंगठा लावला, बॅटरी पेटवली आणि मला म्हणाले, “मास्तर, या. वाचा तुमचं वाक्य.”

बुबुळाच्या वरच्या काठाला पांढरी चंद्रकोर दिसत होती. दुधासारखी, बारीक. फुटलेले तेल तरंगून वर आले होते.

“दिव्याभोवती रंगाचं कडं दिसते का व?”

“दिसते ना साहेब. छान दिसते.”

“डोकं दुखते?”

“मांगून दुखते. पण काम होऊन राहिलं.”

त्यांनी पिशवीतून दाब मोजायचे यंत्र काढले, तिला क्रेटच्या गोणपाटावर आडवे केले, डोळ्यात थेंब टाकला आणि मोजले. काटा पाहून त्यांचे तोंड बारीक झाले. तिथेच त्यांनी संत्रे सोलले, टाचणीचे सांगितले, ग्लासात पाणी आणि तेल घालून दाखवले. ती सगळे नीट ऐकत होती. मग म्हणाली, “दिव्यातलं तेल काढलं त दिवा विझते का नाही, एवढंच सांगा.”

“दिव्यातलं तेल जळून संपते, वच्छलाबाई. तुह्या डोळ्यातलं संपत नाही, नासून राहिलं.”

“मोहगावच्या कवडूचं काय झालं?”

मी सोमकुवरांकडे पाहिले. त्याचे वेगळे होते, असे म्हणायला तिथे सहज जागा होती. माझ्यासारख्याने म्हटले असते.

“त्याचा गेला,” ते म्हणाले. “मीच काढाले लावलं होतं.”

“मंग माहा जाणार नाही कशावरून?”

“तसं मी सांगत नाही. काढलं त राहू शकते, जाऊही शकते. नाही काढलं त जाणारच. हे मात्र लिहून देतो.”

तिने दोन संत्री उचलली, तोलली आणि वेगवेगळ्या क्रेटमध्ये टाकली. “शनिवारी मारुतीले विचारून आली. पण तो त झोपलेला हाय बावा, त्याले कायले उठवाव?” मग गंभीर होऊन म्हणाली, “साहेब, राग नका मानू. तुम्ही चश्मे लावता. दिवा ज्यानं लावला त्यानं सांगाव. अध्यक्ष साहेबानं म्हटलं का काढ, तर दुसऱ्या दिवशी काढतो. त्यायनंच त सांगतलं होतं ना, विझू देऊ नका.”

सोमकुवर मला म्हणाले, “ऐकलं?” तेवढेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही अध्यक्षांकडे गेलो. त्यांना सगळे पटले. अध्यक्षांना सगळे नेहमीच पटते, ही त्यांची खुबी आहे. “फार महत्त्वाचा मुद्दा आहे,” ते म्हणाले. “शेडवर जाऊन एका बाईला सांगण्यापेक्षा शिबिराच्या उद्घाटनात सांगू. सर्वांनाच लाभ होईल.” नागपूरचा दवाखाना तेल फुकट काढून द्यायला तयार होता, त्याला संस्थेचे पत्र हवे होते, आणि पत्रेही शिबिरातच वाटायची होती. शिबिर नऊ दिवसांवर होते. मी म्हणालो, निदान फोनवर दोन वाक्ये बोलून द्या, आम्ही तिला ऐकवतो. ते हसले. “गुरुजी, अशा गोष्टी मंचावरूनच शोभतात.”

नऊ दिवसांनी शिबिर झाले नाही. प्रमुख पाहुणे भोपाळहून यायचे होते, त्यांची बैठक निघाली. नवी तारीख ठरली, मी नवी निमंत्रणपत्रिका लिहिली. ती तारीखही गेली. पाहुण्यांकडे लग्न होते. मी तिसरी पत्रिका लिहिली. हो, लिहिली. सोमकुवरांनी संस्थेला हिंदीत पत्र दिले, त्याची प्रत त्यांनी मला दाखवली. ‘श्रीमान, आपकी जानकारी के लिए निवेदन है कि आँख का तेल मुख्य अतिथि की तारीख देखकर नहीं बिगड़ता.’ संस्थेने पोच दिली. पोच द्यायला ती कधी चुकत नाही.

या काळात ते दर तिसऱ्या दिवशी शेडवर जात, दाब उतरवायचे थेंब टाकत, मोजत. थेंबांनी दाब उतरे आणि पुन्हा चढे. प्रत्येक वेळी ते तिला चल म्हणत आणि ती म्हणे, “तारीख निघाली का?” एकदा ते तिच्यावर इतके ओरडले की शेडमधल्या बाया उठून उभ्या राहिल्या. वच्छलाबाई म्हणाली, “माह्यावर काऊन ओरडता साहेब, मी त तयारच हाय. तिकडं ओरडा ना.” त्यांनी तिची माफी मागितली. ते मी ऐकले आहे, आणि सोमकुवरांनी आणखी कुणाची माफी मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

सात आठवडे गेले. शेवटी पाहुणे आले.

मंगल कार्यालय भरले होते. वच्छलाबाई पुढच्या रांगेत नवे लुगडे नेसून बसली होती. दीपप्रज्वलन झाले, समई पंख्याने तीनदा विझली. पाहुण्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. अध्यक्ष बोलायला उठले, हात दिव्यासारखा धरला, आणि तेच वाक्य सुरू झाले. तेल काढण्याचा मुद्दा ते विसरले होते. मुद्दाम नाही. नुसते विसरले होते.

सोमकुवर बाजूच्या खुर्चीवरून उठले. मंचाला ते नेहमी नकार देत. वच्छलाबाईचा हात धरून ते तिला घेऊन पायऱ्या चढले. लोकांना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी तिची हनुवटी वर उचलली, बॅटरी मारली आणि माइक समोर असल्याने त्यांचे शब्द सगळीकडे ऐकू गेले.

“पाहा साहेब. डोळ्यात पाहा.”

अध्यक्ष वाकले. फोटोवाला धावत आला. दोन-तीन वेळा लख्ख झाले.

“वा!” अध्यक्ष माइकमध्ये म्हणाले. “काय चमक आहे डोळ्यात!”

“ते तेल आहे, साहेब,” सोमकुवर म्हणाले. “फुटलेलं. यानं डोळा मरते. तुम्ही हिले सांगतलं होतं विझू देऊ नका, म्हणून ती बसून राहिली. सात हप्त्यापासून तुमच्या तोंडून ऐकाले बसली हाय. सांगा तिले. तेल काढाव लागते, एवढं म्हणा.”

मला वाटले आता काहीतरी मोडेल. पण अध्यक्ष तीस वर्षे मंचावर उभे आहेत. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिले, लोकांकडे पाहिले, आणि हात वर केला.

“माझ्या मायबहिणींनो! तेल आम्ही टाकलं, आणि तेल आम्हीच काढू! एक थेंब ठेवणार नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनीही वाजवल्या. वच्छलाबाईने पदर सावरला आणि सोमकुवरांना म्हणाली, “झालं. उद्या चाला.” प्रकाश ड्रायव्हर मागे उभा होता, त्याने तिथूनच ओरडून सांगितले, गाडी सहा वाजता.

तेल निघाले. पडदा सुटला नाही. ज्याची भीती होती ते झालेच नाही. कवडूसारखे झाले नाही. पण त्या सात आठवड्यांत दाबाने नसेचा कडेचा भाग खाऊन टाकला होता. मधले दिसते, आजूबाजूचे दिसत नाही. नळीतून पाहिल्यासारखे. वच्छलाबाई पुन्हा शेडवर जाऊ लागली. समोरचे संत्रे दिसे; क्रेट कुठे आहे ते मान वळवून शोधावे लागे. पूर्वीच्या निम्मी छाटणी होई. पहिल्याच नऊ दिवसांत तेल निघाले असते तर किती राहिले असते, असे मी सोमकुवरांना विचारले. ते म्हणाले, “ते तुमच्या पाहुण्याले विचारा.” मग म्हणाले, “तिले उचलून न्यायचं होतं मी. कवडूच्या बायकोले भेलो.” मी मानपत्रे लिहिणे बंद केले, एवढेच; त्याने कुणाचे काही अडले नाही. आता ती इंटरनेटवरून काढतात.

सोमकुवर निवृत्त झाले, तरी लुना आणि बॅटरी फिरत राहिली. यंदा पोळ्याच्या आधी झोपेतच गेले. मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्याच्या काही दिवस आधी, सकाळी, सौसरच्या चौकात.

संस्थेचा नवा फ्लेक्स लागला होता. पुढच्या शिबिराचा. त्यावर वच्छलाबाईचा चेहरा, पुरुषभर उंच, आणि तिच्यावर वाकलेले अध्यक्ष; खाली ‘प्रकाशाचे वारकरी’. त्या दिवशीच्या फोटोतून सोमकुवरांना कापून काढले होते. डोळा एवढा मोठा झाला होता, की बुबुळाच्या वरची पांढरी चंद्रकोर रस्त्याच्या पलीकडून दिसत होती.

सोमकुवर फ्लेक्ससमोर लुना उभी करून, भर उन्हात बॅटरी पेटवून त्या डोळ्यावर मारत होते. मागे वच्छलाबाई बसली होती. तिला तपासणीला नेत असावेत. चहाच्या टपरीवरची माणसे हसत होती.

“काय साहेब, फोटोचाही नंबर काढून राहिले का?”

“तेल हाय अजून,” सोमकुवर मागे न पाहता म्हणाले. “काढलं नाही.”

वच्छलाबाई लुनावरून उतरली. तिला तो फ्लेक्स एकदम दिसत नव्हता. तिने मान फिरवत तो तुकड्यातुकड्याने पाहिला: आधी अध्यक्षांची टोपी, मग त्यांचा हार, मग स्वतःचे कपाळ, डोळा, नाक. मग मान खाली करत करत हनुवटीवर आली आणि थांबली. तिथे, फोटो कापताना राहून गेलेला, एक अंगठा होता. आम्ही तो फ्लेक्स चौकातून जाताना कितीदा तरी पाहिला असेल. अंगठा आम्हाला दिसला नव्हता.

“साहेब,” ती म्हणाली, “हा आंगठा तुमचा व्हय ना?”

सोमकुवरांनी बॅटरी खाली घेतली आणि तिकडे पाहिले. मग ते हसले. दुसरी वेळ.

“हो,” ते म्हणाले. “नख वाढलं होतं त्या दिवशी. बस मागं, उशीर होऊन राहिला.”